दोनशे बारा वटवटे

दोनशे बारा नोंदी आणि अपवाद एकही नाही, हे पाहून उकंडा ठोंबरे आनंदाने रडायच्या बेतात आला होता आणि मी पहिल्या पानापासून पुन्हा पानं उलटत होतो.

मी रेंज ऑफिसातला कारकून. एकवीस वर्षं रजिस्टरं लिहिली आहेत, त्याहून जास्त वाचली आहेत. खरं रजिस्टर कसं दिसतं ते मला अंधारात हात फिरवूनही सांगता येईल. एखादी नोंद चुकून खालच्या ओळीत गेलेली असते, कुठे शाई सांडलेली असते, कुठे कंटाळून 'वरीलप्रमाणे' लिहिलेलं असतं. जिथे सगळं जुळतं ते रजिस्टर कोणीतरी घरी बसून, चहा पीत लिहिलेलं असतं. पण हे रजिस्टर मीच लिहिलं होतं. तलावाच्या काठावर, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, बोटं आखडलेली असताना.

तलाव दिग्रसहून पाच मैलांवर. एका अंगाला बाभळीचं दाट बन, दुसऱ्या अंगाला कमरेइतकं गवत. १९६३ च्या डिसेंबरात उकंडा तिथे दोन तंबू, सहा जपानी जाळी आणि एक सोनाराचा काटा घेऊन उतरला, आणि वनखात्याने मला त्याच्याकडे उसना दिला. पोरगा बाभुळगावचा. आधीची दोन लेकरं गेली म्हणून याला उकंडा, म्हणजे उकिरडा, असं नाव ठेवलं की यमालाही उचलायची किळस यावी. तो जगला, एम. एस्सी. झाला आणि मुंबईच्या एका संस्थेची शिष्यवृत्ती मिळवून बसला. तिथे कागदावर तो यू. एम. ठोंबरे. इथे आल्यावर दोन दिवसांत पुन्हा उकंडा.

त्याचा प्रश्न साधा होता आणि तिथेच सगळा वैताग होता. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी दोन पाखरं, दोन वटवटे. दोन्ही बोटभर, दोन्ही वाळलेल्या चिखलाच्या रंगाचे, दोन्ही दिवसभर झुडपात चकचक करणारे. एकाची चोच जराशी लांब, शेपूट जराशी लांब. दुसरा जरासा लहान. हे 'जरासं' किती, तर पट्टीवर एक-दोन रेघा. पुस्तकात दोघांना एकच पक्षी धरलेलं होतं, फक्त नावाच्या शेवटी एक शेपूट वेगळी: लांब चोचीचा तो 'रामा' आणि दुसरा 'कॅलिगाटा'. ते पुस्तक ज्यांनी लिहिलं तेच उकंडाचे संस्थेतले मोठे डॉक्टर. उकंडाचं म्हणणं, हे दोन वेगळे पक्षी आहेत. डॉक्टरांनी त्याला एक हिवाळा दिला होता. मार्चच्या आत काही दाखवलं तर दुसरा हिवाळा मिळेल, नाही तर नागपूरच्या कॉलेजात परत जाऊन बेडकांच्या बरण्या पुसायच्या.

"एक रामा हाय, मंग दुसऱ्याचं नाव एवढं आडवं काहून?" जफरने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. जफरचं दिग्रसला सायकलचं दुकान. बांबू रोवायला आणि जाळी ताणायला तो यायचा. "आपण त्याले कल्लू म्हणू." तेव्हापासून आमच्याकडे रामा आणि कल्लू. उकंडाला ते आवडत नसे, पण घाईत तोही तेच म्हणायचा.

जाळ्यातून पाखरू सोडवणं हे खरं काम. धागा केसाहून बारीक. जफरच्या पंजात पाखरू गेलं की जाळं फाटायचं नाही तर पाखरू. म्हणून बंजाऱ्यांच्या तांड्यावरून बसंतीबाईला बोलावलं. वय पन्नाशीपुढे, आयुष्यभर कापडावर आरशांचं भरतकाम केलेलं. तिची बोटं अशी चालायची की पाखराला आपण सुटलो हे नंतर कळायचं. सोडवलेलं पाखरू मांजरपाटाच्या थैलीत टाकायचं, नाडी ओढायची, थैली कमरेच्या दोरीला अडकवून तंबूत आणायची. तिथे उकंडा पंख, शेपूट, चोच मोजायचा, काट्यावर तोलायचा, पायात कडं घालायचा. आकडे तो ओरडायचा, मी लिहायचो.

एक रकाना होता 'जाळे'. पाखरू कुठे सापडलं, बाभळीत की गवतात. त्यासाठी मी अक्कल चालवली. निम्म्या थैल्यांना लाल नाड्या, निम्म्यांना काळ्या. बसंतीबाईला मीच सांगितलं, "लाल नाडी बाभळीची, काळी गवताची. समजलं?"

"त्यात काय नाही समजाले?" ती म्हणाली.

त्यातच नाही समजलं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात उकंडाने बेरजा केल्या. लांब चोचीचे एकशे एकोणीस, सगळे लाल नाडीतले. आखूड चोचीचे त्र्याण्णव, सगळे काळ्या नाडीतले. म्हणजे एक बाभळीतून खाली उतरत नाही आणि दुसरा गवतातून वर चढत नाही. मध्ये फर्लांगभर अंतर, आणि दोन महिन्यांत एकानेही हद्द ओलांडली नाही.

"बाबू, याला म्हणतात पुरावा!" तो म्हणाला. "दोन भाऊ एका आळीत राहतात आणि एकमेकांच्या अंगणात पाय ठेवत नाहीत."

"भावाभावांत ते होतंच," मी म्हणालो, "पण दिवाळीला तरी जातात, साहेब. दोनशे बारांत एखादाही वाट चुकला नाही?"

"निसर्ग तुमच्या ऑफिससारखा नसतो."

त्याने त्याच दुपारी डॉक्टरांना पाच पानी पत्र टाकलं. आठ दिवसांनी तार आली. गुरुवारी येतो.

मंगळवारी सकाळी मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन, पोट बिघडल्याचं निमित्त करून, गवताच्या जाळ्याकडे गेलो. बसंतीबाई पाठमोरी होती. कमरेला डाव्या बाजूला लाल नाड्यांच्या थैल्या, उजवीकडे काळ्या. गवताच्या जाळ्यावर लाल नाड्यांचं काय काम, हा विचार मी करतो आहे तोवर तिने एक वटवट्या सोडवला, डोळ्यांसमोर धरला, मान इकडे केली, तिकडे केली आणि सरळ लाल नाडीच्या थैलीत टाकला.

मी तांब्या तिथेच टाकून पुढे धावलो.

"बसंतीबाई! हे काय करून राह्यली?"

"पाखरू ठेवून राह्यलो. तुम्हाले दिसत नाही?"

"हे गवताचं जाळं आहे!"

"हाव. मंग?"

"मग काळी नाडी!"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या घरी जेवायला जाऊन मिठाऐवजी साखर मागितली. "बाबू, हे बाभळीचं पाखरू हाय. एक दिवस किडा खाले गवतात उतरलं. तेवढ्यानं थे गवताचं झालं का? तुम्ही दिग्रसच्या बाजारात गेले म्हणजे दिग्रसवाले झाले का?"

"पण मी सांगितलं होतं ना, जाळ्याप्रमाणे..."

"तुम्ही सांगतलं लाल बाभळीची. म्या बाभळीचे लालमंदी टाकले. एक तरी इकडचं तिकडं झालं का, सांगा!" आणि मग मला समजावण्याच्या सुरात म्हणाली, "माहा बाप बैलांवर मीठ वाहे. गोणीवर निशाणी मालाची राहे, गावाची नाही. मीठ कुठंबी भरा, थे मीठ. गोणीत मीठ हाय का ज्वारी हाय हे समजलं पाह्यजे. कुठून भरली हे विचारून कोण बसते?"

मी गवतातच बसलो. तांड्याची शंभर-दोनशे वर्षांची वहिवाट, आणि मी तिला दोन मिनिटांत, दोन नाड्या दाखवून मोडायला निघालो होतो. दोनशे बारा नोंदींचा 'जाळे' हा रकाना गेला. प्रत्येक पानाखाली 'तपासले, बरोबर आहे' लिहून सही माझी.

उकंडाला सांगितलं तेव्हा तो चोच मोजत होता. त्याने शांतपणे पाखरू सोडलं, पट्टी खाली ठेवली, मग उचलली आणि तंबूबाहेर भिरकावली.

"दोन महिने! दोन महिने, बाबू! आणि मी पत्रात लिहिलं, 'हा अधिवास-विभागणीचा निःसंदिग्ध पुरावा'!"

"शब्द तर चांगला आहे," मी म्हणालो.

"थट्टा करू नका. परवा ते येणार."

मी त्याला माझ्या परीने वाट दाखवली. नोकरीत माणूस वाट दाखवायला शिकतो. "साहेब, हे तिघांना माहीत आहे. एक मी, एक तुम्ही. बसंतीबाईला वाचता येत नाही. रजिस्टर सुंदर आहे. डॉक्टरांना रजिस्टर हवं आहे, तुम्हाला हिवाळा हवा आहे."

त्याने रजिस्टर ओढलं आणि पहिल्या पानापासून रकान्यावर बोट फिरवत गेला. मला वाटलं, जमलं. जफर बाहेर बांबू ठोकायचा थांबला होता, म्हणजे ऐकत होता, म्हणजे आता चौघांना माहीत होतं.

"बाबू," तो शेवटी म्हणाला, "तिने प्रत्येक पाखरू मोजण्याआधी ओळखलं. पट्टी न लावता. मी मोजून जे म्हणालो ते तिने आधीच थैलीत बांधून दिलेलं होतं. दोनशे बारा वेळा. आणि आपण ते कुठे लिहिलं, तर 'जाळे' या रकान्यात!" आणि मग एवढ्या मोठ्याने हसला की बसंतीबाई तंबूत डोकावून विचारून गेली, साहेबाले ताप आला का.

मला तो हसणारा उकंडा रडणाऱ्यापेक्षा जड गेला. कारण आता तो खरं सांगणार होता, आणि खरं सांगणाऱ्या माणसाच्या शेजारी सही माझी होती.

गुरुवारी दहाच्या सुमारास जीप आली. डॉक्टर सत्तरीचे, बारीक, अंगावर धूळ बसलेलीही आवडत नाही असे. उकंडाने खुर्ची दिली, चहा दिला आणि चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत सगळं सांगून टाकलं. इतकी घाई मी कुठल्याही कबुलीजबाबात पाहिली नाही.

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "म्हणजे रकाना रद्द."

"रकाना रद्द, सर. पण मथळा बदलून 'बाईंची ओळख' केला तर..."

"ठोंबरे, मथळा बदलून शास्त्र होत नाही. ती बाई कुठे आहे?"

बसंतीबाई आली. हातभर बलया, तांड्यातल्या त्या पांढऱ्या बांगड्या, वाजवत समोर बसली.

"बाई, तुम्ही ही पाखरं कशावरून ओळखता?"

"दिसते ना जी."

"काय दिसतं?"

"येगळं."

"वेगळं म्हणजे? चोच? पाय? डोळ्यावरची रेघ?"

"हे पाहा," बसंतीबाईने हात जोडले, कारण तिचाही धीर सुटत चालला होता. "तुमचा भाऊ आन तुमचा चुलतभाऊ दारात उभा राह्यला, तर तुम्ही काय नाक मोजून घरात घेता?"

जफर तोंडात रुमाल कोंबून मागे वळला. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ठीक आहे. परीक्षा घेऊ. नाड्या काढा थैल्यांच्या. बाईंनी जाळ्याकडे जायचं नाही. पाखरं हा माणूस काढेल."

"मी?" जफर म्हणाला. "जाळ्याची जबाबदारी मी नाही घेत, डॉक्टर साब."

तीन जाळी फाटली. पण दीड तासात अकरा वटवटे सुतळीने बांधलेल्या थैल्यांतून आले, आणि प्रत्येक थैलीत चिठ्ठी, कुठल्या जाळ्यातला. चिठ्ठ्या डॉक्टरांच्या खिशात. बसंतीबाईने एकेक पाखरू हातात घ्यायचं, सांगायचं. डॉक्टर वहीत लिहिणार. मग उकंडा, तंबूच्या मागे, काहीही न ऐकता, मोजणार.

"रामा," ती म्हणाली. "रामा. हा कल्लू. कल्लू. हा बी रामा, जरा उपाशी दिसते."

डॉक्टर 'कल्लू' लिहिताना थांबले. "हे काय?"

"कॅलिगाटा, सर," मी म्हणालो. "स्थानिक उच्चार."

दहा झाले. उकंडाचे आकडे आले. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, बोट खाली नेत गेले. दहाच्या दहा जुळले. मग त्यांनी खिशातून चिठ्ठ्या काढल्या. चार पाखरं 'चुकीच्या' जाळ्यातली होती. म्हणजे माझा संशय खरा होता. भाऊ एकमेकांच्या अंगणात चांगले जात होते, दिवाळी नसतानाही.

"सर, ती ओळखते!" उकंडा ओरडला. "नुसतं हातात घेऊन, न मोजता! मग दोन आहेत म्हणूनच ना?"

"बाई ओळखते हे सिद्ध झालं. पक्षी दोन आहेत हे नाही."

"मग ती काय ओळखते, सर?"

अशा वेळी मोठी माणसं करतात तेच डॉक्टरांनी केलं. ते चिडले. "अकरावा कुठे आहे? अकरा होते."

बसंतीबाईच्या हातात अकरावा होता. ती त्याला तंबूच्या दारातल्या उन्हात धरून बघत होती. मान इकडे, मान तिकडे. बऱ्याच वेळाने म्हणाली, "याचं नाही समजत."

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "काय?"

"चोच रामाची हाय. बाकी सारा कल्लू हाय. याचं मले नाही समजत."

डॉक्टरांचा सगळा चेहरा बदलला. सत्तरीचा माणूस चाळीस वर्षांनी लहान झाला. "आणा. इकडे आणा! ठोंबरे, हाच तो. मधला. हा सापडला तर प्रश्नच मिटला, दोन्ही बाजूंनी. याला मुंबईला नेतो. बरणी आण..."

"घ्या ना," बसंतीबाई म्हणाली, आणि उठून तंबूबाहेर आली, डॉक्टर तिच्या मागोमाग हात पुढे करून. 'बरणी' हा शब्द तिने ऐकला की नाही हे मला आजवर कळलेलं नाही. तिने मूठ उघडली. पाखरू क्षणभर तिच्या तळहातावर बसलं, शेपूट झटकली आणि गेलं.

जीपच्या ड्रायव्हरने विडी विझवली.

"सोडलं?" डॉक्टर म्हणाले. "का सोडलंत?"

"ज्याचं समजत नाही थे ठेवून काय करता जी?"

माझ्या डोक्यात तेव्हाच घंटा वाजली. असले प्रश्न विचारू नयेत हे मला माहीत होतं, पण एकवीस वर्षांची सवय. "बसंतीबाई, असे याच्या आधी किती सोडले?"

"मोजले नाही, बाप्पा. मोजाले तुम्ही होते ना."

"एक? दोन?"

"रोज एखादा राहे. कोणत्या दिवशी दोन. म्हटलं, साहेबाच्या डोक्याले कायले ताप."

आता कळलं, दोनशे बारांत एकही घोळ का नव्हता. सगळा घोळ ही बाई रोज सकाळी तंबूत यायच्या आधीच उडवून देत होती. साठ-सत्तर पाखरं. डॉक्टरांना हवी होती तेवढीच, उकंडाला नको होती तेवढीच, आणि दोघांपैकी कोणाचं खरं ते त्यांच्या पंखांबरोबर उत्तरेकडे जाणार होतं.

डॉक्टर जीपपर्यंत गेले. परत आले. पुन्हा गेले. "अशी नोंद! असा कारकून! अशी बाई!" प्रत्येक फेरीत एक जण. उकंडाची पाळी आली तेव्हा त्याच्यासमोर उभे राहिले.

"साठ-सत्तर?"

"ती म्हणते तसं, सर."

"आणि त्यातलं एकही मोजलेलं नाही."

"नाही, सर."

"जर ती सगळी खरंच मधली असतील, तर माझं बरोबर आहे. पक्षी एकच आहे."

"आणि ती मधली नसून नुसती या वर्षीची पिल्लं असतील, सर, तर माझं बरोबर आहे. पिल्लांना ओळखायला बसंतीबाईलाही जड जात असेल."

मी माणसांच्या तोंडाचा हिशेब बरा करतो. डॉक्टरांच्या तोंडावर राग होता, पण त्याखाली भूक होती. ते उकंडावर उदार होणार नव्हते. ते त्याला हिवाळा देणार होते कारण स्वतःला झोप लागणार नव्हती.

"रजिस्टर आणा," ते मला म्हणाले. शेवटचं पान उघडलं. खिशातून पेन्सिल काढून लिहिलं: दुसरा हिवाळा मंजूर. जाळ्यांना क्रमांक. कुठलंही पाखरू मोजल्याशिवाय सोडू नये. बाईंचं मत मोजण्याआधी घ्यावं आणि 'समजत नाही' हेही मत म्हणून लिहावं. खाली आद्याक्षरं मारली आणि रजिस्टर माझ्या अंगावर टाकलं.

उकंडा वाचत होता आणि त्याचे ओठ हलत होते.

"मले पण पुढच्या साली बोलावसान का?" बसंतीबाईने विचारलं.

"तुमच्याशिवाय आता जमतंय का, मावशी?" उकंडा म्हणाला.

डॉक्टर जीपमध्ये जाऊन बसले होते. मी धावत गेलो आणि रजिस्टर त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"आता काय?"

"साहेब, पेन्सिल चालत नाही," मी म्हणालो, आणि टाक व शाईची दौत पुढे केली. "पुसता येते. मुंबईला पोचेपर्यंत तुमचा विचार बदलला तर या पोराने कुठे जायचं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उकंडाकडे पाहिलं, दात खाल्ले आणि प्रत्येक अक्षरावरून शाई गिरवली. मी ती वाळेपर्यंत जीप सुरू करू दिली नाही.